साडेबारा टक्के व्याज आणि माझे साडेनऊ लाख

माझे ९,५०,००० रुपये एका पतपेढीत अडकलेत. व्याज म्हणून आजवर हातात आले १,००,४९६. उरलेल्या ८,४९,५०४ रुपयांचं काय झालं ते मला कुणी सांगू शकत नाही. प्रकरण कोर्टात आहे, वकिलाने बजावलंय, म्हणून पतपेढीचं नाव लिहीत नाही. तसंही नावाने काय होणार? तुमच्या नाक्यावरही अशी एक असेलच. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर हार घातलेली लक्ष्मी आणि बाहेर बोर्ड: ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त.

जो भेटतो तो ऐकवतो, हाव नडली. मग माझाही हिशोब ऐका. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. म्हाडाची जुनी इमारत पाडून टॉवर झाला. जुन्या घराचा मेंटेनन्स ६०० रुपये होता, नव्याचा ५,८००. हे गेले, पेन्शन नाही. बँकेत २०२२ मध्ये पाच-साडेपाच टक्के मिळत होते. साडेनऊ लाखांवर साडेपाच टक्क्यांनी महिन्याला होतात ४,३५४ रुपये, म्हणजे नुसता मेंटेनन्ससुद्धा सुटत नाही. टॉवरमध्ये राहायचं आणि दर महिन्याला मुलापुढे हात पसरायचा? मला ते नको होतं. याला हाव म्हणायचं तर म्हणा.

एजंट म्हणजे यांचे मित्र. जुन्या इमारतीत तळमजल्याला राहायचे, दुकानादुकानांतून पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करायचे. आमच्या गणपतीला दरवर्षी आरतीला हजर. "वहिनी, माझ्या आईचे पैसे पण तिथेच आहेत." जून २०२२ मध्ये मी यांच्या विम्याच्या पैशातले २,००,००० टाकले, बारा टक्क्यांनी. दर महिन्याच्या पाच तारखेला २,००० रुपये खात्यात. एक दिवस इकडचा तिकडे नाही. त्या पाच तारखेनेच मला फसवलं. व्याज वेळेवर येतंय म्हणजे मुद्दल शाबूत आहे, असं मी धरून चालले. ते व्याज माझ्याच किंवा माझ्यानंतर आलेल्या कुणाच्या तरी मुद्दलातून निघत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मग बिल्डरकडून कॉर्पसचे, म्हणजे इमारत नव्याने बांधताना रहिवाशांना एकरकमी देतात ते, ७,५०,००० आले. १७ मे २०२३ ला मी चेक घेऊन शाखेत गेले. हा दिवस मला आयुष्यभर छळणार आहे.

मॅनेजरने आत केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर काउंटरवर एक आजोबा उभे होते. पांढरा लेंगा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पावत्या. ठेव मोडायला आले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "साहेब हेड ऑफिसला गेलेत, सोमवारी या." आजोबा हळूच म्हणाले, "बाळा, हा चौथा सोमवार सांगतेस तू." साहेब माझ्यासमोर बसले होते, चहात बिस्किट बुडवत.

मी ऐकलं. सगळं नीट ऐकलं. आणि मनाशी काय म्हटलं? मुदतीआधी मोडताहेत, काहीतरी नियम असेल. मग पर्समधून पेन काढून चेकवर सही केली. आजोबा पिशवीचं तोंड बांधत जिना उतरले. मी उठून "थांबा हो, काय झालं?" एवढं विचारलं असतं, तर साडेसात लाख वाचले असते.

म्हणून पैसे ठेवण्याआधी तासभर काउंटरजवळ बसा. पैसे भरणाऱ्याला चहा सगळेच देतात. काढायला आलेल्या माणसाशी कसे बोलतात ते बघा.

आणखी एक गोष्ट समोर होती. ठेवीआधी माझ्याकडून १०० रुपये घेऊन एक गुलाबी फॉर्म भरून घेतला होता. वर छापलेलं, ‘नाममात्र सभासद’. बँकेत कधी असला फॉर्म भरलाय? पतपेढी ठेव घेते ती सभासदाकडून, तिला बँकेचं लायसन्स नसतं. बँक बुडाली तर ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलासुद्धा. पतपेढीला तो विमा नाही. एजंटने मला तोंडावर सांगितलं होतं, "वहिनी, पाच लाखांचा इन्शुरन्स आहे." तोंडी. मी म्हणायला हवं होतं, लिहून द्या. बोर्डावर ‘शासन नोंदणीकृत’ असतं, त्यालाही भुलू नका. नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे.

सगळ्यात जास्त जळतं ते वेगळंच. त्याच मे महिन्यात पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ८.२ टक्के मिळत होते. साडेसात लाखांवर वर्षाला ६१,५००. पतपेढी साडेबाराने ९३,७५० देणार होती. फरक महिन्याला २,६८७ रुपये. एवढ्यासाठी साडेसात लाख घालवले. पोस्ट आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

जानेवारी २०२४ चं व्याज पाचऐवजी एकोणीस तारखेला आलं. फेब्रुवारीत आलंच नाही. मार्चमध्ये शटर बंद आणि त्यावर कागद, ‘तांत्रिक कारणास्तव’. मुलाला मी दोन महिने सांगितलं नाही. तो आधीच म्हणाला होता, "आई, इतकं व्याज कोण देतं गं?" त्याला मी गप्प केलं होतं.

आणि मग सुरू झाले खेटे. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्यांदा गेले तर, एकट्या येऊ नका, ठेवीदार जमवा. जमवले, एकवीस जण गेलो, त्यातल्या एक बाई व्हीलचेअरवर. तर म्हणे संस्थेचं मुख्य कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात, तक्रार तिकडे द्या. पैसे घेतले विक्रोळीत, चेक वटला मुंबईत आणि तक्रार मात्र तिकडे! सहकार खात्याच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढून गेले, लिफ्ट बंद. टेबलावरच्या माणसाने पावती हातात न घेताच सांगितलं, "ही मल्टिस्टेट आहे, आमच्या अखत्यारीत नाही, दिल्लीला लिहा." मल्टिस्टेट म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, तिची नोंदणी केंद्राकडे. मग इतकी वर्षं माझ्या नाक्यावर हे दुकान चालू होतं, ते कुणाच्या अखत्यारीत? बोर्ड बघायला दिल्लीहून माणूस येणार होता का? साठी उलटलेल्या बाईने हे सगळे कायदे पाठ करायचे आणि पगार घेणाऱ्यांनी मान हलवायची!

ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ पासून एमपीआयडी कायदा आहे. त्यात संस्थेची मालमत्ता जप्त करून, विकून पैसे वाटता येतात. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, व्हीलचेअरवरच्या बाईंच्या जावयाने सांगितलं. गुन्हा दाखल व्हायला ऑक्टोबर उजाडला. आता जप्ती, मूल्यांकन, तारखा.

मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स द्या आणि प्रत्येक अर्जावर शिक्क्यानिशी पोच घ्या. पैसे सोडवून देतो म्हणणाऱ्याला दमडी देऊ नका. ‘संघर्ष समिती’च्या नावाने एकाने माझ्याकडून २,५०० रुपये नेले, त्याचा फोन आता लागत नाही. पैसे गुंतवण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या साइटवर जाऊन बघा, आणि जमत नसेल तर नातवाला बसवा.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानासमोर पैसे बुडालेल्यांची गर्दी टीव्हीवर दाखवत होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आठवड्याला पैसे मिळणार म्हटल्यावर लोक धावतातच कसे? मी गप्प बसले. तिथे आठवड्याचं आमिष होतं, माझ्याकडे पाच तारखेचं.

गेल्या महिन्यात तेच एजंट पुन्हा दारात. "वहिनी, जुनं विसरा. सोन्याची नवी भिशी काढलीय, दोन हजारांपासून." मी दार लावून घेतलं. दोन मिनिटांनी खालच्या मजल्यावरची बेल वाजलेली ऐकू आली. तिथे एक रिटायर्ड नर्स एकट्या राहतात. मी तशीच जिन्याने खाली गेले आणि एजंटसमोरच त्यांना माझी पावती दाखवली. रात्री लिफ्टजवळ हाताने लिहिलेला कागद चिकटवला. सकाळी सेक्रेटरींनी तो काढून टाकला, म्हणे सोसायटीचं नाव खराब होतं. मी संध्याकाळी दुसरा लावला.