जुन्या हँडीकॅमचे चित्रीकरण आणि ‘शॉटकट’: एक परीक्षण

हाय डेफिनिशन हँडीकॅम घरोघरी पोहोचले त्या काळातले चित्रीकरण आज संगणकावर घ्यायला बसले, की पहिला प्रश्न संपादनाचा नसतो, तर व्हिडिओ नेमका आहे कुठे, हाच असतो. मेमरी कार्ड उघडल्यावर ‘बारसे’ किंवा ‘मुंज’ अशी फाइल दिसत नाही. दिसतात ती ‘प्रायव्हेट’, ‘एव्हीसीएचडी’, ‘बीडीएमव्ही’ अशा नावांची एकात एक दडलेली फोल्डर्स, आणि सर्वांत आत ‘स्ट्रीम’ या फोल्डरमध्ये 00000, 00001 अशा क्रमांकांच्या एमटीएस फाइली. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सीडीवरचे सॉफ्टवेअर ही सगळी भानगड परस्पर निस्तरत असे, परंतु आमच्याकडची ती सीडी आताच्या विंडोजवर उघडायलाच तयार नाही. म्हणून ‘शॉटकट’ या संपादन सॉफ्टवेअरचे हे परीक्षण मी एवढ्या एकाच कसोटीवर केले आहे: असे जुने चित्रीकरण ते किती निमूटपणे आत घेते, आणि अडले तर वाट कशी काढावी लागते.

शॉटकट विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. तयार व्हिडिओवर स्वतःचा शिक्का उमटवत नाही आणि ठरावीक दिवसांनी पैसेही मागत नाही. त्याचा पाया ‘एमएलटी’ ही संपादनाची यंत्रणा आणि ‘एफएफएमपेग’ हा संकेतन, म्हणजे चित्र आणि आवाज आटोपशीर साठवण्याची सांकेतिक पद्धत, उलगडणारा संच यांवर उभा आहे, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. सोनी आणि पॅनासोनिक यांनी 2006 मध्ये जाहीर केलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत चित्र एच.264 या संकेतनात आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-3 या संकेतनात असतो. संपादन सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसते पण आवाज येत नाही, ही नेहमीची तक्रार बहुतेक वेळा या एसी-3 पाशी येऊन थांबते, कारण ते उलगडण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसते. एफएफएमपेगमध्ये ती सोय मुळातच असल्याने शॉटकटमध्ये एमटीएस फाइल माउसने ओढून आणून टाकली, की चित्र आणि आवाज दोन्ही मिळतात; त्यासाठी वेगळे कोडेक, म्हणजे संकेतन उलगडणारे घटक, शोधत फिरावे लागत नाही.

मात्र शॉटकटला कार्डाची एकूण रचना कळत नाही. क्लिपांची माहिती आणि त्यांचा क्रम ज्या साहाय्यक फाइलींत नोंदलेला असतो, त्यांच्याकडे ते पाहत नाही. प्रत्येक एमटीएस ही त्याच्या लेखी स्वतंत्र फाइल असते. त्यामुळे कार्डावरून चित्रीकरण उतरवून घेण्याची शिस्त आपली आपणच पाळावी लागते, आणि येथे आळस केला तर पुढे कोणतेही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. केवळ एमटीएस फाइली उचलण्याऐवजी कार्डावरचे संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर, तारीख आणि प्रसंगाच्या नावाने केलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावे. अनेक कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केल्यावर क्रमांक पुन्हा 00000 पासून सुरू होतात. सगळ्या कार्डांवरच्या फाइली एकाच ठिकाणी टाकल्या आणि ‘बदलायची का’ या प्रश्नाला सवयीने ‘हो’ म्हटले, की गणपतीचे चित्रीकरण दिवाळीच्या चित्रीकरणाखाली कायमचे गाडले जाते. मॅक वापरणाऱ्यांना हे एव्हीसीएचडी फोल्डर एकाच बंद फाइलीसारखे दिसते. त्यावर उजवी क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ निवडले, की आतल्या फाइली मिळतात. कॅमेरा केबलने जोडण्यापेक्षा कार्ड काढून साध्या कार्ड रीडरला लावणे केव्हाही बरे, कारण जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी अर्ध्यातच मान टाकते.

खरी परीक्षा लांब चित्रीकरणाची. कार्डाच्या फाइल पद्धतीवर कमाल आकाराचे बंधन असल्याने बरेच कॅमेरे साधारण 2 जीबी भरले की चालू फाइल बंद करतात आणि पुढची उघडतात. सेकंदाला 24 मेगाबिट या वरच्या दर्जाने चित्रीकरण चालू असेल तर 2 जीबी अकराएक मिनिटांत भरतात. आता मंगलाष्टके म्हणजे हौशी आत्या, मामा, वधूच्या मैत्रिणी आणि शेवटी गुरुजी असा सगळा ऐवज. ती अकरा मिनिटांत आटोपतील ही अपेक्षा कोणत्याच कार्यालयात कोणी ठेवू नये. आमच्याकडच्या एका लग्नाच्या चित्रीकरणात फाइलींचा सांधा नेमका ‘शुभ मंगल सावधान’वर आला आहे. दोन्ही फाइली शॉटकटच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा क्रमाने मांडायच्या पट्टीवर, एकीला एक चिकटवून ठेवल्या तर ‘साव’ ऐकू येते, क्षणभर आवाज तुटतो आणि मग ‘धान’. चित्रही त्या ठिकाणी किंचित अडखळते. हा दोष शॉटकटचा नाही. कॅमेरा अखंड वाहणारा प्रवाह मध्येच कापतो, तेव्हा आवाजाचा एखादा तुकडा अर्धा पहिल्या फाइलीत आणि अर्धा दुसरीत राहतो. फाइली वेगवेगळ्या उघडल्या तर ते दोन्ही अर्धे निरुपयोगी ठरून टाकून दिले जातात.

यावरचा उपाय शॉटकटच्या बाहेर आहे आणि आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. एमटीएस हा प्रवाही साचा असल्याने तुटलेल्या फाइली जशाच्या तशा एकीच्या शेपटीला दुसरी जोडल्या तरी चालतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘कॉपी’ या आज्ञेला ‘स्लॅश बी’ हा पर्याय देऊन दोन फाइलींच्या नावांमध्ये अधिक चिन्ह घालावे आणि शेवटी नव्या फाइलीचे नाव द्यावे. मॅक आणि लिनक्सवर हेच काम ‘कॅट’ ही आज्ञा करते. यात पुनर्संकेतन होत नसल्याने दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि डिस्कवर नक्कल करायला लागेल तेवढाच वेळ लागतो. अशी जोडलेली फाइल शॉटकटमध्ये उघडली, की ‘सावधान’ सलग ऐकू येते. जोडायच्या फाइली ओळखण्याची खूण म्हणजे आधीची फाइल ठरावीक कमाल आकाराला जाऊन थांबलेली असते आणि पुढची त्याच क्षणी सुरू होते. सुट्या सुट्या क्लिपा मात्र सरसकट जोडत बसू नयेत. घरगुती वापरासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये या कामासाठी एखादे बटण असायला हवे होते, असे मला वाटते, कारण आज्ञा टंकण्याच्या कल्पनेनेच अनेक जण येथून परत फिरतील.

दुसरा घोळ आंतरविणित, म्हणजे इंटरलेस्ड, चित्राचा. भारतात विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांत 1080आय50 ही पद्धत सर्रास असे: सेकंदाला 50 अर्धी चित्रे, प्रत्येकात एकाआड एक ओळी. जुन्या टीव्हीवर हे शोभून दिसे. संगणकाच्या पडद्यावर दोन अर्धी चित्रे एकत्र ठेवली, की हलणाऱ्या वस्तूंच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. लेझीम खेळणाऱ्यांच्या मनगटांवर आणि ताशाच्या काड्यांवर हे सर्वांत आधी दिसते, तर मागचा मंडप अगदी स्वच्छ असतो. शॉटकटमध्ये प्रकल्प सुरू करताना ‘व्हिडिओ मोड’ स्वयंचलित न ठेवता 1080पी, सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) असा स्वतः निवडावा. स्वयंचलित ठेवला तर तो पहिल्या क्लिपवरून ठरतो, आणि पहिली क्लिप कोणीतरी मोबाइलवर उभ्याने काढलेली निघाली तर सगळा प्रकल्प उभा होतो. एकदा असा प्रगामी, म्हणजे अखंड चौकटींचा (प्रोग्रेसिव्ह), मोड निवडला, की आंतरविणित क्लिपांचे चित्र शॉटकट स्वतःच सांधते. अंतिम व्हिडिओ काढताना ‘डीइंटरलेसर’मध्ये वाय‌एडीआयएफ या सांधण्याच्या पद्धतीचा वरचा पर्याय घ्यावा. वेळ थोडा अधिक लागतो, पण कडा नीट येतात.

येथे एक बारीक मेख आहे. काही कॅमेरे 25 पूर्ण चौकटींचे चित्रीकरण 50 अर्ध्या चित्रांच्या वेष्टनात भरत असत. फाइलीवर शिक्का आंतरविणित असल्याचा, आतले चित्र मात्र अखंड, अशी त्यांची स्थिती असते. अशा क्लिपेवर सांधण्याची क्रिया झाली तर काही कारण नसताना तीक्ष्णता कमी होते. क्लिप निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘स्कॅन मोड’ हाताने प्रगामी करावा. जागच्या जागी मिळणारी ही दुरुस्ती मला या सॉफ्टवेअरमध्ये विशेष आवडली. उलट, ज्यांना खेळाच्या किंवा नाचाच्या चित्रीकरणात 50 अर्ध्या चित्रांची मूळ सळसळ जपायची असेल, त्यांनी आधी ‘हँडब्रेक’ या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण चौकट करणारा ‘बॉब’ पर्याय वापरून 50 पूर्ण चौकटींची फाइल करून घ्यावी आणि मग ती 50 चौकटींच्या प्रकल्पात आणावी. घरगुती समारंभांसाठी 25 पुरतात.

फाइल आत आली, आवाज आला, तरी टाइमलाइनवर चित्र रखडत चालते, ही तिसरी तक्रार. एच.264 मध्ये बहुतेक चौकटी पूर्ण नसतात. आधीच्या आणि नंतरच्या चौकटींशी असलेला फरक तेवढा नोंदलेला असतो. त्यामुळे मधल्याच एका चौकटीवर जायचे तरी संगणकाला मागेपुढे बरेच उलगडावे लागते. शॉटकट यावर दोन वाटा देते. ‘प्रॉक्सी’ चालू केल्यास ते लहान आकाराच्या कामचलाऊ प्रती बनवते, कापाकापी त्यांवर होते आणि अंतिम व्हिडिओ मूळ फाइलींतून निघतो. दुसरी वाट ‘कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली’ची; तीत मूळ फाइलीची संपादनाला सोयीची नवी प्रत तयार होते, परंतु दर्जा राखणारा पर्याय निवडला तर ती मूळ फाइलीच्या कित्येक पट जागा खाते. तासाभराचे एव्हीसीएचडी चित्रीकरण 24 मेगाबिटच्या दराने अकरा जीबीच्या आत मावते, हे लक्षात घेतले तर संपूर्ण लग्नाचे असे रूपांतर करण्याआधी डिस्कवरची मोकळी जागा पाहिलेली बरी. साधारण ताकदीच्या लॅपटॉपसाठी मी निःसंकोच प्रॉक्सीची वाट सुचवेन. प्रकल्प पुरा होईपर्यंत मूळ फाइलींची नावे किंवा जागा मात्र बदलू नये. बदलली तर प्रकल्प पुन्हा उघडताना शॉटकट हरवलेल्या फाइली विचारत बसते.

सोनीच्या अनेक हँडीकॅमवर 5.1, म्हणजे सहा वाहिन्यांच्या (चॅनल्सच्या), पद्धतीने आवाज नोंदला जाई. शॉटकटमध्ये ‘ऑडिओ चॅनल्स’ दोनवर ठेवून सुरुवातीचे काही क्षण हेडफोन लावून ऐकावे, आणि बोलणारी व्यक्ती मागे पडल्यासारखी वाटली तर तेथेच पातळी वाढवावी.

कॅसेटवर चित्रीकरण करणाऱ्या एचडीव्ही कॅमेऱ्यांसाठी मात्र शॉटकटचा थेट उपयोग नाही. ते फायरवायर या जुन्या केबल-जोडणीवरून कॅसेट उतरवून घेत नाही. हे काम लिनक्सवर ‘डीव्हीग्रॅब’ हे सॉफ्टवेअर चोख करते आणि त्याच्या देखभालीत शॉटकटचे मुख्य निर्माते डॅन डेनेडी यांचाही हात राहिला आहे. त्यासाठी फायरवायरची खाच असलेला संगणक किंवा तसे कार्ड शोधावे लागते, आणि कॅसेट जितका वेळ चालते तितकाच वेळ उतरवायला द्यावा लागतो. उतरवलेली फाइल बहुधा 1440 गुणिले 1080 बिंदूंची असते. शॉटकटमध्ये ती आपोआप रुंद होऊन योग्य प्रमाणात दिसते. माणसे उभट आणि बारीक दिसू लागली, तर ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘आस्पेक्ट रेशो’ 16:9 करून घ्यावा.