सनकन डायमंड, स्टॅनफर्ड : पूर्ण हंगाम पाहिल्यानंतर

फेब्रुवारी ते मे असा कॉलेज बेसबॉलचा एक अख्खा हंगाम स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या या मैदानावर पाहिला. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळून घ्यायचा असेल, तर बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

मैदान चक्क खड्ड्यात आहे. १९२१ मध्ये शेजारच्या फुटबॉल स्टेडियमच्या भरावासाठी इथली माती उपसली आणि त्या खड्ड्यात १९३१ पासून बेसबॉल सुरू झाला. आपण रस्त्याच्या पातळीवरून आत शिरतो आणि पायऱ्या उतरत आपल्या जागेवर जातो. आसनं साधारण ४,०००, त्यामुळे कुठेही बसा, खेळ जवळच वाटतो.

पण जमलं तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागेच बसा. टीव्हीवर कॅमेरा पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पाठीमागून दाखवतो. इथे चेंडू बॅटरकडे येतो तसाच आपल्याकडे येतो. पिचर आणि प्लेटमधलं अंतर ६० फूट ६ इंच. आपली खेळपट्टी ६६ फुटांची, पण तिथे टप्पा असतो. इथे हवेतच सगळा खेळ! सरळ येतोय असं वाटणारा चेंडू ऐन वेळी खाली घसरतो, बॅट वरून फिरते, आणि तेव्हा पिचिंगमधली कारागिरी लख्ख समजते. समजावून सांगून हे मला कधीच कळलं नसतं.

गवत खरं आहे. कोपऱ्यांत कुंपण ३३५ फुटांवर, मधोमध ४०० फुटांवर, आणि पलीकडे झाडं. मॅचआधी थोडं लवकर जाऊन इनफिल्डची (मैदानाच्या आतल्या भागाची) माती सारखी करणारी, पाणी मारणारी माणसं जरूर बघा. बॅट धातूच्या असतात, त्यांचा टणत्कार सुरुवातीला खटकतो. मला तो शेवटपर्यंत फारसा आवडला नाही. २०२५ च्या हंगामात जपानचा रिंतारो सासाकी इथे खेळला; हायस्कूलमध्ये १४० होमरन (आपल्या षटकारासारखे, कुंपणापलीकडचे फटके) मारून आलेला मुलगा.

कॅलिफोर्नियाच्या उन्हावर विसंबू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य कलला की चांगलंच गारठतं. जाडसर जाकीट हवंच. दुपारी टोपी. आणि तिन्हीसांजेला उंच उडालेला चेंडू खरोखर दिसेनासा होतो. २०२३ च्या सुपर रिजनलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अंतिम स्पर्धेआधीच्या फेरीत, ६-६ अशी बरोबरी असताना टेक्ससच्या क्षेत्ररक्षकांना असाच एक चेंडू आकाशात सापडला नाही, आणि स्टॅनफर्ड ७-६ जिंकून ओमाहाला, त्या अंतिम स्पर्धेला, गेलं.

पालो आल्टो स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं लागतात. मी कॅलट्रेन या लोकल गाडीनेच जातो. मालिका बहुधा शुक्रवार ते रविवार असते आणि संघ आपला सर्वांत भरवशाचा पिचर सहसा शुक्रवारी उतरवतात. पहिल्यांदा जाणार असाल तर शुक्रवारचं तिकीट काढा.