स्पेनच्या किनाऱ्यावर कॅरॅव्हॅनमध्ये हिवाळा: ऊन भरपूर, ऊब आपली आपण करायची

परत जाणार का, तर हो, नक्की. पण ‘थंडी चुकवायला स्पेनला जायचं’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आम्ही दोघं, दोघंही निवृत्त, इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. २०२५च्या नोव्हेंबराच्या मध्यावर कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन निघालो ते फेब्रुवारी लागेपर्यंत कोस्ता ब्लांकावर, म्हणजे स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, बेनिडॉर्म आणि विलाखोयोसाच्या मधल्या एका कॅरॅव्हॅन-साइटवर मुक्काम ठोकून होतो. तिथे जानेवारीत दुपारी १७ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे ६-७. दुपारी अर्ध्या बाह्यांत बसून वाटाणे सोलायचे, रात्री मोजे घालून रजईत शिरायचं. कॅरॅव्हॅनची भिंत ती केवढी, जेमतेम दीड बोट. सूर्य गेला की दहा मिनिटांत सगळा डबा गार.

खरी कमाई उजेडाची. डिसेंबरात लीड्सला दिवस साडेसात तासांचा, पावणेचारला दिवे लावायचे. इथे साडेनऊ तासांचा, आणि संध्याकाळ पावणेसहापर्यंत टिकते. दोन तासांत काय एवढं, असं मलाही वाटायचं. पण ह्यांचे गुडघे आणि माझा स्वभाव, दोन्ही त्या दोन तासांत सुधारले.

म्हणूनच जागा निवडताना एकच गोष्ट बघा: जानेवारीत दुपारी तीनला त्या पिचवर, म्हणजे कॅरॅव्हॅन लावायच्या जागेवर, ऊन असतं का? समुद्र किती जवळ, दुकान किती जवळ, हे सगळं नंतर. पाइनच्या झाडांखालच्या जागा फोटोत फार देखण्या दिसतात, पण पाइन बारा महिने हिरवा, त्याच्याखाली हिवाळ्यात ओल आणि सावली. बऱ्याच साइटवर तुतीची झाडं लावलेली असतात. उन्हाळ्यात त्यांची दाट सावली आणि हिवाळ्यात छाटून नुसते सोटे ठेवतात, त्यामुळे ऊन थेट दारात. आम्हाला आधी पाइनखाली जागा दिली होती. ऑफिसात चार वेळा खेटे घातल्यावर आठवड्याने तुतीच्या रांगेत हलवलं.

महिन्याच्या मुक्कामाचा दर रोजच्या दरापेक्षा बराच कमी पडतो, पण वीज बहुतेक ठिकाणी मीटरवर, वेगळी. त्यात अँपिअर आधी विचारून घ्या. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट, बस्स. घरची केटल एकटीच दोन हजार वॅट खाते. हीटर चालू असताना चहा टाकला की खटका पडून वीज गेलीच, आणि काही साइटवर तो खटक्याचा डबा कुलपात असतो. ७५० वॅटची छोटी केटल, हजार वॅटचा हीटर, आणि एका वेळी एकच, ही शिस्त लागते. १० अँपिअर मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

ओलीबद्दल मात्र कुणी पुरेसं बोलत नाही. दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, वर आपल्या स्वयंपाकाची वाफ. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की समोरच्या खिडकीवरून पाण्याचे ओघळ लागायचे आणि बाकाच्या गादीखाली मुरायचे. गादी उचलून खालच्या फळीवर हात फिरवला तर गार, चिकट लागायची. आठवडाभर तसंच ठेवलं असतं तर काळे ठिपके आलेच असते. मग कुकर आणि फोडणी दोन्ही बाहेर, ऑनिंगमध्ये (कॅरॅव्हॅनला जोडलेल्या तंबूत), दार उघडं ठेवून. सकाळी गाद्या उभ्या करायच्या, छतावरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, थंडी असली तरी. ऑनिंगमधल्या फोडणीचा एक फायदा असा की शेजारचं डच जोडपं वासावर आलं, मग रोजच येऊ लागलं.

गॅसचं गणित वेगळंच. ब्रिटनमधलं नेहमीचं सिलिंडर स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. तिथली नारिंगी बाटली १२.५ किलो ब्युटेनची, तिला वेगळा रेग्युलेटर लागतो, आणि ती रीतसर घ्यायची तर करार करावा लागतो. ब्युटेन शून्याच्या खाली वाफ होत नाही. किनाऱ्यावर हरकत नाही, तिथे सहसा गोठत नाही. पण उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेर बंदरात बोटीतून उतरून दक्षिणेला येताना बुर्गोसवरून जावं लागतं, ते साडेआठशे मीटर उंचीवर. तिथे हिवाळ्यात रात्र काढायची तर प्रोपेनच हवा, आणि पाण्याची टाकी रिकामी.

खाण्यापिण्याचं उत्तम, पण जाताना एक अडचण. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही. म्हणजे तूपसुद्धा नाही! डबा घरीच ठेवला आणि तिथे बिनमिठाचं लोणी आणून कढवलं. तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं घरून. बाकी आठवडी बाजारात कोवळे वाटाणे, वांगी, फ्लॉवर, आणि आसेल्गा नावाची रुंद पानांची पालेभाजी, जिची डाळ घालून केलेली पातळभाजी पालकाला मागे टाकते. मोरोक्कन दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या आणि रवाही मिळाला. बांगडा ताजा फडफडीत. मेथीला मात्र तरसलो. हॉटेलात शाकाहारी माणसाचे हाल आहेत: ह्यांनी गुरुवारी मिक्स सॅलड मागवलं, तर त्यावर ट्यूना. तो इथल्या मिक्स सॅलडवर असतोच, आधी सांगावं लागतं.

फिरायला गाडी फारशी काढावी लागली नाही. आलिकान्ते-बेनिडॉर्म ट्राम किनाऱ्याने जाते, पुढे देनियापर्यंत दुसरी लाइन. काल्पेला ३३२ मीटरचा इफाखचा खडक समुद्रातून सरळ वर उठलेला, आणि गावातच मिठागराच्या तळ्यात रोहित पक्षी. जानेवारी संपताना खालोनच्या खोऱ्यात बदाम फुलायला लागले होते. बेनिडॉर्मच्या उंच इमारतींना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील, पण हिवाळ्यात ते गाव म्हाताऱ्यांचं असतं, आणि बाकांवर, पायवाटांवर, बसमध्ये आपल्या वयाची सोय जागोजागी दिसते. मला आवडलं.

आता नियम. ब्रिटिश पासपोर्टवर २०२१पासून शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपीय देशांचा गट, स्पेन त्यातच) कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस, आणि १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन ये-जा संगणकावर चढते. शिक्का पुसट होता वगैरे सबबी आता चालायच्या नाहीत. ऑक्टोबर ते मार्च सलग मुक्काम करणारे जुने लोक अजून त्या दिवसांच्या आठवणी काढतात. जोडीदाराकडे भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असूनही शेंगेन व्हिसा लागतो आणि दिवस तेवढेच, तेव्हा बोटीचं तिकीट काढण्याआधी व्हिसाच्या अर्जासाठी भेटीची तारीख घ्या. कॅरॅव्हॅनचा विमा सलग किती दिवस परदेशात चालतो तेही पॉलिसीत वाचा. मुक्काम लांबला तर आधीच कळवून वाढवून घ्यावा लागतो. पुढच्या खेपेला आम्ही नाताळानंतर निघणार आहोत, म्हणजे बदामाचा पूर्ण बहर आणि मार्चचं ऊन दोन्ही पदरात पडेल.