चीनमधला साचा इथे आणावा की नवाच बनवावा?

प्लास्टिकचा भाग चीनऐवजी पुण्याजवळच्या भोसरी-चाकणला काढायचा ठरला की पहिला प्रश्न साच्याचा.

जुना साचा आणणं स्वस्त पडतं, पण करारात त्याची मालकी तुमची असेल तरच. निघण्यापूर्वी शेवटच्या शॉटचे (साच्यातून शेवटी काढलेल्या भागांचे) नमुने, थ्रीडी फाइल आणि सुट्या कोअर पिना (भागातली भोकं घडवणाऱ्या साच्यातल्या पिना) मागून घ्या. कूलिंगच्या वाहिन्यांतलं पाणी हवेने पूर्ण उडवा, पोकळीवर गंजरोधक फवारा. नाहीतर समुद्रप्रवासात वाहिन्या गंजून चोंदतात आणि पॉलिश जातं. खरी डोकेदुखी इथल्या मशीनशी जुळणीची: टाय-बारमधलं (मशीनच्या ज्या दांड्यांमध्ये साचा बसतो त्यांच्यातलं) अंतर, लोकेटिंग रिंग (साचा मशीनवर नेमका मध्यावर बसवणारी कडी), इजेक्टर रॉडची (तयार भाग बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची) जागा. नोझलची (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या मशीनच्या तोंडाची) त्रिज्या स्प्रू बुशच्या (ते आत घेणाऱ्या साच्याच्या तोंडाच्या) त्रिज्येपेक्षा थोडी लहानच हवी. मोठी असेल तर तिथे प्लास्टिक गळतं आणि स्प्रू (त्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) अडकतो.

नवा साचा महाग आणि वेळखाऊ. पण तो तुमच्या मशीनवर बेतलेला असतो, दुरुस्तीला टूलरूम (साचे बनवणारा कारखाना) जवळ. वेगळ्या प्रमाणात आकसणारं मटेरियल घेणार असाल तर बहुधा दुसरा मार्गच नाही: एबीएस आणि पीपी या दोन प्लास्टिकांपैकी एबीएस गार होताना साधारण 0.4 ते 0.7 टक्के आकसतं, पीपी 1 ते 2.5. एबीएसच्या साच्यात पीपी भरलं की माप गेलंच.

पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन अर्धे मिळतात त्या रेषेवर) फ्लॅश (बाहेर निसटलेल्या प्लास्टिकची पातळ कड) येऊ लागलेला साचा मात्र भाडं भरून आणूच नका.