परतवाड्यात बदली झाली असेल तर आधी ही मेस गाठा

खोली नंतर बघा, गॅसचं कनेक्शन नंतर लावा. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात नोकरीला येत असाल तर पहिलं काम जेवणाची सोय. एसटी स्टँडपासून चालत पाच-सात मिनिटांवर ही मेस आहे. पाटी नाही, मोबाइलच्या नकाशावर नाव नाही. दुपारी एकच्या सुमाराला एका जुन्या कौलारू घरापुढे वनखात्याची जीप, मास्तरांच्या मोटारसायकली आणि एसटीचे खाकी कपडे दिसले की तेच घर. मालकीणबाईंना सगळं गिऱ्हाईक मावशी म्हणतं, मीही मावशीच म्हणते.

मी बँकेत शेतीकर्जाचं काम बघते. पुण्यातल्या वाकडहून इथे बदली झाली तेव्हा ऑफिसातल्यांनी "मेळघाट का? मग वाघ बघ आता" एवढंच ज्ञान दिलं. वाघ अजून दिसलेला नाही. दिसतात त्या संत्र्याच्या बागा, अंजनगावकडचे पानपिंपळीचे औषधी वेल आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा घेऊन उभी राहिलेली रांग. त्या रांगेचं काम उरकून दुपारी अडीचला उठलं की भूक कशी लागते ते नवीन माणसाला सांगायला नको.

थाळीत दोन भाकरी किंवा चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण, भात, कांदा आणि ठेचा. दोन वेळचे महिन्याचे 3,200 रुपये, सुटी थाळी 90. पोळी घेऊ नका. पोळी ठीकच आहे, पण ती कुठेही मिळते. इथे भाकरीसाठी यायचं.

चूल लाकडाची आहे. परतवाडा हे सागवानाचं जुनं बाजारगाव, आरागिरण्यांतून निघालेले छिलपे पोत्यानं मिळतात, तेच जळण. भाकरी मावशींची जाऊ करते. ती काठवटीत एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळते, जास्तीचं कधीच भिजवून ठेवत नाही. तळव्यानं रेटत राहते, पीठ चिकट झालं की मगच थापायला घेते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटी, आणि मग तवा बाजूला सारून भाकर निखाऱ्यांसमोर उभी. तिथे ती टम्म फुगते. ताटात आल्यावर पापुद्रा सोडवताना वाफेचा चटका बसतो, तरी थांबवत नाही. त्यावर जवसाची चटणी आणि कच्चं तेल. हे एवढंच खाऊन उठणारे कंडक्टर मी पाहिलेत.

बुधवारी पाटोडी रस्सा असतो, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा. पाटोड्या घट्ट, पण दाताला चिकटत नाहीत; रस्सा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा, काळपट, वर तर्रीचा जाड थर. पहिल्या घासाला कान तापतात. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाची करकरीत फोडणी. माझ्या मते या मेसच्या सगळ्या पदार्थांत ही एक नंबर, पण ती आठवड्यातून एकदाच होते आणि उशिरा येणाऱ्याला मिळत नाही. थंडीत ओल्या तुरीचे सोले निघाले की सोले-वांगं. वांगं मात्र इथे बारा महिने आहे: भरलेलं, भाजलेलं, बटाट्याबरोबर, वालाबरोबर. वांगं आवडत नसेल तर तुमचं कठीण आहे.

रविवारी दुपारी मटण, त्याचे पैसे वेगळे. शाकाहारी लोकांची भांडी आणि चूल निराळी आहे, विचारलं तर आत नेऊन दाखवतात.

सुरुवातीला मला चिंच-गुळाच्या आमटीची फार आठवण यायची, तसं बोलूनही गेले. दुसऱ्या दिवशी मावशींनी वरणाच्या एका पातेल्यात गूळ घातला, खास माझ्यासाठी. वाढणाऱ्या पोरानं तेच पातेलं सगळ्या रांगेत फिरवलं. धारणीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं पहिला भुरका मारला आणि ओरडला, "मावशी, वरनात साकर सांडली वो!" आतून उत्तर आलं, "साकर नाई ना भाऊ, पुन्याच्या मॅडमची बदली हाये ते." तेव्हापासून माझी वाटी वेगळी येते.

हिशेब वहीत. नावापुढे रोज दोन टिंबं. जेवायचं नसेल तर सकाळी दहाच्या आत सांगायचं, खाडा धरतात आणि महिनाअखेर पैसे वजा होतात. पुण्यात मी जिथे जेवायचे तिथे दिवाळीला आठवडाभर गावी गेलं तरी पूर्ण महिन्याचे पैसे घ्यायचे, म्हणून मला याचं अप्रूप. मावशी वहीत कधी खाडाखोड करत नाहीत. चुकलं तर खाली नवीन ओळ लिहून समोरच्याची सही घेतात. आमच्या शाखेत दोघांना हे शिकवायला हवं.

आता जेवणाबाहेरचं. मी लॉजवर उतरले होते ते ऐकून मावशींचं पहिलं वाक्य: "लॉजवर काहून? पैसे जास्त झाले का?" मग ताटावर बसलेल्या एका वयस्कर माणसाकडे वळून, "भाऊ, तुमची वरची खोली रिकामीच हाये ना?" संध्याकाळपर्यंत माझ्या बॅगा तिथे पोचल्या होत्या. दोन खोल्या, गच्ची, गच्चीवरून सातपुड्याची रांग, भाडं 4,500. वाकडला तेवढ्यात गाडी लावायला जागा मिळाली असती. कूलरच्या ताट्या कुठे बदलून मिळतात, पाणी सुटायची वेळ काय, नळ कोणत्या वारी दगा देतो, दात दुखला तर कुणाकडे जायचं आणि कुणाकडे बिलकुल जायचं नाही, हे सगळं मला त्या पंगतीत कळलं. बदलीच्या वेळी घर शोधून देणाऱ्या कंपन्या ज्या सेवेचे बक्कळ पैसे घेतात ती इथे थाळीच्या नव्वद रुपयांत धरलेली आहे.

माझे घरमालक फिनले मिलमध्ये होते. शेजारच्या अचलपूरची ही कापडगिरणी 2020 च्या लॉकडाउनमध्ये बंद पडली आणि त्यांच्या घरात पगार यायचा थांबला. वरची खोली भाड्यानं देणं तेव्हा सुरू झालं. मला भाडं स्वस्त वाटतं, त्यांना तोच आधार आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी शकुंतला रेल्वेही आता धावत नाही. दोन दिवस चिखलदऱ्याला येऊन जाताजाता "काय शांत गाव आहे हो, इथेच राहावंसं वाटतं" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हल्ली फक्त हसून दाखवते.

राहायला गाव चांगलं आहे, यात शंका नाही. ऑफिस चालत दहा मिनिटं. रविवारी घाट चढून चिखलदऱ्याला जायचं, 1,118 मीटर उंचीवर, खाली 44 अंश असताना वर हवा बरीच थंड असते. तिथली कॉफी आणि गवळ्यांच्या दुधाची रबडी दोन्ही घ्या. मुक्तागिरीचा धबधबा पावसाळ्यात बघा. पण तज्ज्ञ डॉक्टर हवा तर अमरावती, पन्नासेक किलोमीटर. पुण्याला जायचं तर रात्रभर ट्रॅव्हल्स किंवा अमरावतीहून रेल्वे. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं आणि मुंबईचं विमान लागलं, त्याचा मेसमधल्या कुणाला उपयोग झालेला मी ऐकलं नाही. चर्चा मात्र महिनाभर तीच होती.

तक्रारी आहेत. मागच्या पडवीवर पत्रा आहे, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तिथे बसणं म्हणजे शिक्षा. पंखा आहे, तो गरम हवाच फिरवतो. तेल जास्त पडतं. सांगितलं तर कमी करतात, पण रश्शाची तर्री काढायला सांगणं हा तिथे अपमान समजतात. टीव्ही कायम चालू आणि आवाज मोठा. हात धुवायला एकच तोटी, दीड वाजता तिथे रांग.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळी आहे. एकदा ऑफिसच्या सहकाऱ्याबरोबर अमरावती रोडच्या ढाब्यावर जेवले. सकाळी मावशींनी विचारलं, "मॅडम, काल ढाब्यावर पनीर खाल्लं म्हनते? आपल्या इथं काय कमी पडलं?" ढाबा कोणता, भाजी कोणती, सोबत कोण, सगळं त्यांना ठाऊक होतं. विचारण्यात चौकशी कमी आणि रुसवा जास्त होता, हे मला कळतं. तरीही एकट्या बाईला हे जड जातं. शहरात कुणी विचारत नाही म्हणून आपण रडतो, आणि इथे विचारतात म्हणून चिडतो, असं मला घरचे म्हणतात. असू दे. चिडायचा हक्क मी सोडलेला नाही. मावशींना सरळ सांगितलं, "मावशी, माझं जेवण तुमचं, बाकी माझं मला बघू द्या." त्या दोन दिवस जरा घुश्श्यात होत्या. तिसऱ्या दिवशी ताटात अंबाडीची भाजी होती आणि वार बुधवार होता. पाटोड्यांच्या दिवशी अंबाडी का, असं कुणीही विचारलं नाही.

बाईमाणसांसाठी एवढं सांगते: गर्दीच्या वेळी मागच्या दारानं या, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ एक टेबल आहे. नर्स, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, आम्ही बँकवाल्या तिथेच बसतो. टीव्हीचा आवाज कमी आणि भाकर तव्यावरून थेट ताटात.

पाचपैकी चार देते. पत्रा काढून कौलं घातली तर साडेचार.

वेळ दुपारी बारा ते तीन, रात्री साडेसात ते दहा. रविवारी रात्री बंद. थंडीत बहिरमची यात्रा भरली की एखाद-दोन दिवस चूल पेटत नाही, मावशी सगळ्या घराला घेऊन रोडगे करायला तिकडे जातात. तुम्हीही जा, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी खा, नाहीतरी गावात उपाशी राहाल. महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत, फोनवरून चालतात, कोड फ्रीजच्या दाराला चिकटवलाय. डबा हवा असेल तर स्वतःचा आणा, झाकण घट्ट बसणारा. प्लास्टिकच्या पिशवीत रस्सा भरून द्यायला मावशी तयार नाहीत, मी विचारून पाहिलंय.