मोफत चाचणीच्या काळात टोल-फ्री क्रमांक घ्यावा की स्थानिक?

अमेरिकेत छोटा व्यवसाय चालवणाऱ्या माणसाने ग्राहकांना मेसेज पाठवण्याच्या एखाद्या सेवेची मोफत चाचणी सुरू केली, की त्याला लगेच विचारले जाते, क्रमांक टोल-फ्री हवा की आपल्या गावच्या एरिया कोडचा? या प्रश्नाचे घाईत दिलेले उत्तर पुढे दुकानाच्या पाटीपर्यंत आणि बिलबुकापर्यंत जाऊन पोहोचते, म्हणून दोन्ही पर्याय नीट तपासून पाहणे गरजेचे आहे. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये माझ्या वहिनींचे ब्लाउज शिवण्याचे आणि साड्यांना फॉल-पिको करून देण्याचे दुकान आहे. त्यांच्यासाठी ही निवड करताना जे समजले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

भारतातील 1800 क्रमांकांची सवय असलेल्या वाचकासाठी एक फरक आधीच सांगायला हवा. आपल्याकडे 1800 वर फोन करायचा असतो, आणि व्यापारी मेसेज क्रमांकाऐवजी अक्षरी हेडरवरून, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आखूड नावाने येतात, ज्यांना उत्तर देता येत नाही. अमेरिकेत मात्र 1967 साली सुरू झालेल्या 800 च्या आणि नंतर आलेल्या 888, 877, 866, 855, 844, 833 या मालिकांतील क्रमांकांवरून मेसेज पाठवताही येतो आणि ग्राहकाचे उत्तर त्याच क्रमांकावर घेताही येते. स्थानिक दहा अंकी क्रमांकही हेच काम करतो. शॉर्ट कोड म्हणजे मेसेजसाठीच्या पाच-सहा अंकी छोट्या क्रमांकाचे भाडेच महिन्याला 500 डॉलरपासून सुरू होते, त्यामुळे छोट्या दुकानदाराने त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

खरा फरक नोंदणीत आहे. स्थानिक क्रमांकावरून सॉफ्टवेअरमार्फत मेसेज पाठवायचे असतील, तर आधी व्यवसायाची ‘ब्रँड’ म्हणून आणि मेसेजच्या हेतूची ‘कॅम्पेन’ म्हणून नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क भरावे लागते, कॅम्पेनसाठी दरमहा वेगळे पैसे पडतात, आणि नोंदणी नसलेले मेसेज मोबाइल कंपन्या अडवतात. टोल-फ्री क्रमांकासाठी एकच पडताळणी अर्ज असतो आणि त्याचे शुल्क सहसा नसते. मात्र 31 जानेवारी 2024 पासून पडताळणी पूर्ण न झालेल्या टोल-फ्री क्रमांकावरून ग्राहकांना मेसेज जातच नाहीत. ‘टोल-फ्री घ्या आणि आजच सुरू करा’ हा जुना सल्ला त्या दिवसापासून कालबाह्य झाला आहे.

म्हणूनच चाचणी सुरू करण्यापूर्वी सेवेच्या मदत कक्षाला विचारावे, की पडताळणीचा अर्ज चाचणीच्या काळातच करता येतो, की आधी पैसे भरून योजना घ्यावी लागते. अर्ज चाचणीतच करता येत असेल, तर माझ्या मते टोल-फ्री घ्यावा, कारण शुल्क न भरता वाट पाहण्याचे दिवस चाचणीतच निघून जातात. अर्ज करता येत नसेल आणि केवळ स्वतःच्या पडताळलेल्या मोबाइलवरच मेसेज पाठवून पाहता येत असतील, तर चाचणीपुरते दोन्ही क्रमांक सारखेच आहेत. अशा वेळी ती चाचणी सॉफ्टवेअरची आहे, क्रमांकाची नव्हे, हे लक्षात ठेवावे.

वहिनींचा पहिला अर्ज नामंजूर झाला. ग्राहकांचे फोन क्रमांक त्यांच्या मापाच्या वहीत छातीच्या आणि बाहीच्या मापांशेजारीच लिहिलेले होते. परंतु त्या बायकांनी मेसेज घेण्यास संमती दिल्याचा पुरावा कोठेच नव्हता. मग पावतीवर ‘कपडे तयार झाल्याचा मेसेज पाठवावा’ अशी ओळ आणि तिच्यापुढे खूण करण्यासाठी चौकोन छापून घेतला, त्या पावतीचा फोटो जोडला, आणि दुसरा अर्ज मंजूर झाला. चाचणीतील चार दिवस यात गेले. संमतीचा पुरावा दोन्ही प्रकारच्या क्रमांकांना लागतो, म्हणून तो आधीच तयार ठेवावा.

मेसेज बंद करण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. टोल-फ्री क्रमांकाला ग्राहकाने इंग्रजीत ‘स्टॉप’ असे उत्तर दिले, की नेटवर्कच मेसेज थांबवते आणि स्वतःचे ठरावीक इंग्रजी उत्तर पाठवते. पुन्हा सुरू करण्यासाठी ग्राहकालाच ‘अनस्टॉप’ लिहावे लागते. ‘थांबवा’ असे मराठीत लिहिलेले नेटवर्कला कळत नाही, ते आपण वाचून स्वतः अमलात आणायचे. स्थानिक क्रमांकावर हे काम सेवा पुरवणारी कंपनी करते, आणि उत्तराचा मजकूर बहुधा आपल्याला ठरवता येतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी चाचणीतच एक हिशेब करून पाहावा. साध्या इंग्रजी मेसेजच्या एका भागात 160 अक्षरे बसतात, देवनागरीच्या फक्त 70, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे सर्व वेगवेगळे मोजले जातात. ‘ताई, तुमचा ब्लाउज व साडी तयार आहे. शनिवारी सकाळी 11 नंतर केव्हाही घेऊन जा.’ हा मजकूर 74 भरतो, म्हणजे पैसे दोन मेसेजचे पडतात. ‘केव्हाही’ काढले की तो 65 वर येतो आणि एकात बसतो. हा नियम दोन्ही क्रमांकांना सारखाच लागू आहे, परंतु चाचणीचे मोजके मोफत मेसेज त्यामुळे अपेक्षेच्या निम्म्या वेळात संपतात.

टोल-फ्री क्रमांकावरून मेसेज अमेरिका आणि कॅनडापुरतेच पाठवता येतात. पुण्यातील कापड पुरवठादाराशी बोलण्यासाठी त्याचा उपयोग नाही. त्यावर येणाऱ्या फोनचे पैसे मालक भरतो, हेही विसरू नये. अनेक राज्यांत ग्राहक असतील, तर टोल-फ्री शोभतो. ग्राहक आसपासच्या चार गावांतलेच असतील, तर परिचित एरिया कोड पाहून फोन उचलला जाण्याची शक्यता मला अधिक वाटते.

चाचणी संपल्यावर योजना घेतली नाही, तर मिळालेला क्रमांक सहसा काढून घेतला जातो. वहिनींनी चाचणी टोल-फ्रीवर केली, नंतर एडिसनच्या 732 या एरिया कोडचा स्थानिक क्रमांक घेऊन त्याची नोंदणी केली, आणि ती मंजूर झाल्याचे कळल्यावरच पाटी रंगवणाऱ्याला बोलावले.