परदेशात असतानाच विमा संपत आला तर : जुन्या पॉलिसीची मुदतवाढ की महिन्याची परदेशी योजना?

उत्तर थायलंडला जाताना मी ३० दिवसांची प्रवास विमा पॉलिसी नाशिकहूनच काढून नेली होती. चियांग माईला पोहोचल्यावर परतीचा बेत तीन आठवड्यांनी पुढे गेला, आणि पॉलिसी संपायला आठ दिवस उरले असताना पुढची सोय काय करायची, हा प्रश्न उभा राहिला. त्या तीन आठवड्यांत भाड्याच्या स्कूटरवरून डोंगराळ भागात फिरायचे ठरलेले होते, त्यामुळे आजारपणाइतकीच अपघाताचीही काळजी होती. मला हा निर्णय परदेशात बसून घ्यावा लागला. ज्यांच्यावर तशीच वेळ येईल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आपल्याकडच्या कंपनीची नवी पॉलिसी तिकडे बसून घेता येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. आपल्या प्रवास विम्यात सर्वसाधारणपणे प्रवास भारतातून सुरू व्हावा लागतो. घरून कोणी ऑनलाइन पैसे भरले आणि पॉलिसी हातात आली, तरी प्रवासी त्या दिवशी देशाबाहेर होता हे पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून उघड होते आणि क्लेम अडकतो. म्हणून खरे पर्याय दोनच उरतात. आधीची पॉलिसी चालू असतानाच तिची मुदत वाढवून घेणे हा एक, आणि प्रवासात असलेल्यांना विमा विकणाऱ्या परदेशी कंपनीची महिन्याच्या हिशेबाची योजना घेणे हा दुसरा.

थायलंडमध्ये भाड्याच्या दुचाकीवर जो सक्तीचा विमा असतो, त्यावर विसंबून राहू नये. त्यातून चूक कोणाची हे न पाहता प्राथमिक उपचारांसाठी ३०,००० बाथपर्यंत रक्कम मिळते, पण हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली तर ती पुरणारी नाही. तिथल्या स्थानिक कंपन्यांच्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत दुचाकी बहुतेक वेळा वेगळी जोडून घ्यावी लागते आणि अटींचे कागद थाई भाषेत असतात, त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही.

दोन्ही पर्यायांना समान असलेली एक अट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती पाळलेली नसेल तर पुढची तुलना व्यर्थ आहे. ज्या देशात वाहन चालवता तिथे ग्राह्य असलेला परवाना तुमच्याकडे असला पाहिजे, डोक्यावर हेल्मेट असले पाहिजे आणि मद्यपान केलेले नसले पाहिजे. भारताचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो आणि थायलंड त्या करारात आहे. पेठ रोडवरच्या आरटीओतून मी हा परवाना निघण्यापूर्वी काढला होता. तो एक वर्ष चालतो. पुस्तिका हातात आल्यावर वाहनांचे वर्ग छापलेले पान तिथेच उघडून पाहावे. त्यात ‘ए’ म्हणजे मोटरसायकल आणि ‘बी’ म्हणजे मोटार, आणि शिक्का ‘ए’ समोर उमटलेला हवा. नाशिकच्या मूळ परवान्यावर फक्त मोटार असेल तर ‘ए’ मिळणार नाही आणि थायलंडमध्ये स्कूटरवर बसल्यानंतरचा कोणताही अपघात विम्याच्या बाहेर राहील. भाड्याने गाडी देणारा दुकानदार परवाना विचारत नाही म्हणून चालते, असे समजू नये, कारण क्लेमच्या वेळी तो विचारला जातोच.

आता मुदतवाढीविषयी. माझा पहिला कल तिकडेच होता, आणि त्याला कारणे होती. कंपनी ओळखीची होती, प्रीमियम रुपयांत होता, कागदपत्रे आधीच त्यांच्याकडे होती, आणि मोठ्या रुग्णालयात कॅशलेस सोय मिळण्याची शक्यता होती. मुदत संपण्यापूर्वी अर्ज करायचा आणि प्रकृती ठणठणीत असल्याचे लेखी द्यायचे, एवढेच काम असेल अशी माझी कल्पना होती.

परंतु पहिल्याच आठवड्यात बाहेरचे खाणे बाधून माझे पोट बिघडले होते. जवळच्या दवाखान्यात २,२०० बाथ खर्च आला, आणि पॉलिसीच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे मी मदत केंद्राला कळवून क्लेमची नोंद केली. त्या पॉलिसीत १०० डॉलरपर्यंतचा खर्च प्रवाशाने स्वतः सोसायचा होता आणि माझे बिल त्यापेक्षा कमी भरले, म्हणून मला काहीच मिळाले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण ती अट मला माहीत होती. मुदतवाढीचा अर्ज केल्यावर मात्र उत्तर आले की, मूळ मुदतीत क्लेम नोंदवलेला असल्यामुळे पॉलिसी वाढवता येणार नाही. रुपयाही दिलेला नसताना क्लेम कसला धरता, असे मी दोनदा लिहून विचारले. दोन्ही वेळा तेच वाक्य परत आले, आणि त्या पत्रव्यवहारात आठांपैकी पाच दिवस गेले. मी ती नोंद केलीच नसती तर मुदतवाढ मिळाली असती, ही गोष्ट आजही मला लागते. नियम पाळून वेळेवर कळवणाऱ्याचेच त्यात नुकसान होते. सगळ्याच कंपन्या असे करत असतील असे मी म्हणत नाही, पण ‘क्लेम नसल्यास मुदतवाढ’ ही अट पुष्कळ पॉलिसींत असते, आणि प्रवासात खरोखर आजारी पडलेल्या माणसालाच पुढच्या विम्याची जास्त गरज असते.

उरलेल्या तीन दिवसांत मी दुसरा पर्याय घेतला. सेफ्टीविंग, जेन्की अशा कंपन्या प्रवास सुरू झाल्यानंतरही विमा देतात. सेफ्टीविंगचा हिशेब २८ दिवसांचा आहे, जेन्कीचा महिन्याचा. अशाच प्रकारची एक योजना मी खोलीत बसून, फोनवरून, वीस मिनिटांत घेतली आणि विमा दुसऱ्या दिवशी सुरू झाला. काही कंपन्या आधीच प्रवासात असलेल्यांना ७२ तासांचा प्रतीक्षाकाळ लावतात, त्यामुळे ती ओळ शोधून वाचावी आणि जुनी पॉलिसी संपण्याच्या दिवसापर्यंत थांबू नये.

त्यानंतर नवव्या दिवशी मी ‘पाय’ नावाच्या गावाहून चियांग माईकडे परतत होतो. या १०९५ क्रमांकाच्या रस्त्याला ७६२ वळणे आहेत असे तिकडे सांगतात. सापुताऱ्याच्या घाटाची सवय असल्यामुळे वळणांची भीती नव्हती, पण एका उताराच्या वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी पसरली होती आणि पुढचे चाक निसटले. वेग कमी होता, हेल्मेट होते, म्हणून डावे कोपर आणि गुडघा सोलवटण्यावर भागले. रुग्णालयातल्या परिचारिकेने अर्धा तास चिमट्याने एकेक खडा काढला. एक्स-रे, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पुढची चार ड्रेसिंगे धरून ८,६०० बाथ झाले, ते मी काउंटरवर स्वतः भरले. क्लेमसाठी पावत्या, डॉक्टरांचे इंग्रजी प्रमाणपत्र, गाडी भाड्याने घेतल्याचा करार, मूळ परवाना आणि ‘ए’ चा शिक्का असलेल्या पानाचा फोटो मागितला. एक फोटो अस्पष्ट म्हणून परत पाठवावा लागला, आणि १९ व्या दिवशी रक्कम माझ्या नाशिकच्या खात्यात जमा झाली. गाडीच्या खरचटलेल्या बाजूचे पैसे दुकानदाराला वेगळे द्यावे लागले, कारण तो खर्च आरोग्य विम्यात येत नाही.

मुदतवाढीच्या बाजूने दोन मुद्दे आहेत आणि ते वजनदार आहेत. आपल्या कंपनीशी वाद झाला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते, नाशिककरांना तो दरवाजा जवळचा आहे. परदेशी कंपनीबाबत तशी सोय नाही. शिवाय वय साठीच्या पुढे असेल तर परदेशी योजनेचा हप्ता बराच वाढतो, आणि मधुमेह किंवा रक्तदाबासारखे आधीचे आजार त्यात सहसा धरले जात नाहीत. माझे आईवडील सोबत असते तर मी त्यांच्यासाठी मुदतवाढीचाच आग्रह धरला असता, आणि त्यासाठी शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता दहाव्या-बाराव्या दिवशीच अर्ज केला असता.

प्रकृती चांगली असलेल्या, दुचाकीवर फिरणाऱ्या आणि परतीची तारीख नक्की नसलेल्या माणसाने मात्र, माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर, महिन्याची योजनाच घ्यावी असे मला वाटते. पुढच्या वेळी मी नाशिकहून निघतानाच ती सुरू करणार आहे. घरी परतल्यावर ती हाताने बंद करावी लागते, नाहीतर पुढच्या मुदतीचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जातात. म्हणून मी परतीच्या तिकिटाच्या तारखेलाच फोनमध्ये त्याची आठवण लावून ठेवली होती.